वळताना चाकातून येणारे आवाज: एका हॅचबॅकच्या कामाच्या नोंदी, नागपूर

९ जुलै

गाडी: पुढच्या चाकांवर चालणारी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा). मीटर ९६,४१२ किमी. रोजची धाव मनीषनगर ते बुटीबोरी एमआयडीसी आणि परत, म्हणजे बहुतेक वर्धा रोड. जॉब कार्डावर तक्रार एका ओळीची: वळताना पुढच्या चाकातून आवाज. याआधी दुसरीकडे दोन्ही लिंक रॉड आणि पुढचे ब्रेक पॅड बदलून झाले आहेत. आवाज जसाच्या तसा.

पाना हातात घेण्याआधी मालकाला नीट विचारणे हे निम्मे काम आहे. गाडी वळते तेव्हा पुढच्या चाकाशी तीन वेगळ्या गोष्टी घडतात. ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकाला जोर नेणाऱ्या दांड्याचा, बाहेरचा सांधा जास्त कोनात फिरू लागतो. गाडीचे वजन वळणाच्या बाहेरच्या चाकावर जाते आणि तिथल्या बेअरिंगवर आडवा भार येतो. आणि शॉकअप, स्प्रिंगसकट, वरच्या माउंटमधल्या बेअरिंगवर फिरतो. या तीनपैकी कशामुळे आवाज होतो, ते आवाज कुठल्या परिस्थितीत येतो यावरूनच कळते. म्हणून प्रश्न तसेच विचारले: गाडी उभी असताना येतो का? किती वेगाला सुरू होतो? अ‍ॅक्सिलेटर सोडला की थांबतो का? डावीकडे वळताना की उजवीकडे? ब्रेकवर पाय ठेवला की बदलतो का?

उत्तरे लिहून घेतली. पार्किंगमधून गाडी काढताना टकटक. महामार्गावर घूंऽऽ, लांबलचक वळणावर जास्त. आणि अधूनमधून जागेवर स्टिअरिंग फिरवताना टंग. म्हणजे एका तक्रारीत तीन आवाज आहेत. तिन्ही एकाच भागाचे असतील असे गृहीत धरणे, हेच पैसे वाया जाण्याचे मुख्य कारण. कार्डावर तीन ओळी केल्या आणि प्रत्येकीपुढे जागा रिकामी ठेवली.

१० जुलै

सकाळी रहदारी सुरू होण्याआधी रस्त्यावर चाचणी. आधी चारही टायरांत कंपनीने दिलेल्या आकड्याइतकी हवा भरली आणि डिकीतले सामान काढून ठेवले. जॅकचा दांडा किंवा पाण्याचा कॅन वळणावर सरकला तर तोही चाकाचा आवाज वाटतो.

टकटकीसाठी लेआउटमधला मोकळा प्लॉट बरा. पहिला गिअर, ताशी ८ ते १० किमी, स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फेरा. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग रिव्हर्समध्ये दोन्हीकडे. शेजारी कंपाउंडची भिंत असेल तर काचा खाली करून तिच्या जवळून जावे, आवाज भिंतीवर आपटून स्पष्ट ऐकू येतो. या गाडीत डावीकडे पूर्ण वळवून अ‍ॅक्सिलेटर दिला की टक-टक-टक, रिव्हर्समध्ये आणखी ठळक. क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली की जवळजवळ बंद. चौदा इंची रिम आणि सुमारे ६२ सेंमी व्यासाचा टायर असेल तर ताशी १० किमीला चाक सेकंदाला दीड फेऱ्याच्या आसपास फिरते. टकटक त्याच लयीत, वेग वाढला की जलद. जोर दिल्यावर येणारा, जोर काढल्यावर जाणारा आणि चाकाच्या लयीत चालणारा आवाज म्हणजे बाहेरचा सीव्ही जॉइंट (ड्राइव्ह शाफ्टचा तोच बाहेरचा सांधा), हा अंदाज इथे पक्का होत आला.

बाजू मात्र कानावरून ठरवली नाही. डावीकडे वळताना आला म्हणजे उजवाच जॉइंट, हा नियम गॅरेजमध्ये सर्रास सांगितला जातो आणि बरेचदा खराही निघतो. पण आतल्या बाजूचे चाक बाहेरच्यापेक्षा जास्त कोनात वळते, त्यामुळे उलटेही घडते. बूट, म्हणजे सांध्यावरचे रबरी आवरण, पाहून ठरवायचे.

घूंऽऽ साठी वर्धा रोडवर गाडी काढली. नागपुरात एक अडचण कायमची आहे: शहरातले मोठे रस्ते सिमेंटचे. त्यांच्या पृष्ठभागावर घसरू नये म्हणून आडव्या खाचा पाडलेल्या असतात आणि चांगला टायरही त्यावर गातो. त्या आवाजाखाली बेअरिंगचा आवाज लपतो, नाही तर टायरचाच आवाज बेअरिंगचा वाटतो. उपाय असा की सिमेंट संपून डांबर लागते अशी जागा निवडावी आणि तोच वेग धरून ती ओलांडावी. रस्ता बदलताच जो आवाज पडतो तो टायर आणि रस्त्याचा. जो तसाच राहतो तो गाडीचा. इथे डांबरावर गेल्यावर वरचा बारीक आवाज गेला आणि खालचा घूंऽऽ मोकळा ऐकू आला. सुरुवात ताशी ४० च्या आसपास, ६० ला स्पष्ट. न्यूट्रल करून घरंगळू दिली तरी तसाच, म्हणजे इंजिनाच्या जोराशी संबंध नाही.

मग मागेपुढे वाहन नसताना, लेनच्या आतच, स्टिअरिंग हलकेच डावी-उजवी. उजवीकडे वळवले की घूंऽऽ चढतो, डावीकडे वळवले की उतरतो. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकावर येते. संशय डाव्या बेअरिंगवर.

टंग आवाज गाडी उभी, इंजिन चालू, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवल्यावर येतो. चालत्या गाडीत फारसा नाही.

११ जुलै

जॅकवर तपासणी. मागच्या चाकांना अडवणारे ठोकळे, हँडब्रेक, पुढून उचलून दोन्ही बाजूंना घोडी (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड). नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली किंवा चाकाजवळ हात घालू नये; चाक जोरात हलवून पाहताना गाडी जॅकवरून सरकते.

आधी बूट. स्टिअरिंग सरळ असताना बाहेरच्या बुटाच्या घड्या मिटलेल्या असतात आणि चीर दिसत नाही. चाक पूर्ण वळवून घड्या उघडल्या. उजव्या बुटाला जाड बाजूच्या पहिल्या घडीत, अर्ध्या परिघापर्यंत गेलेली फाट. रिमच्या आतल्या कडेला आणि लोअर आर्मवर (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्यावर) काळ्या ग्रीसचा उडालेला पट्टा, त्यावर माती बसून कडक झालेला. असा पट्टा रिमच्या आत दिसला की बूट न पाहताही कळते. नागपूरच्या उन्हाने रबर लवकर कडक होते. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, उघड्यावर उभी राहणारी गाडी पावसाळ्यात असा फाटका बूट घेऊन येते आणि मग डबक्यातले पाणी, बारीक वाळू, काळी माती थेट सांध्यात जाते.

डाव्या चाकाला वर-खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर हात ठेवून हलवले. किंचित खेळ, हाताला टक् लागतो. हा खेळ बेअरिंगचा की खालच्या बॉल जॉइंटचा (लोअर आर्मच्या टोकाच्या सांध्याचा), हे ठरवायची सोपी युक्ती: दुसऱ्याने ब्रेक दाबून धरायचा आणि पुन्हा हलवायचे. ब्रेक दाबल्यावर डिस्क आणि नकल (बेअरिंग ज्यात बसते तो स्टिअरिंगबरोबर वळणारा भाग) एकत्र बांधले जातात. खेळ गेला तर तो त्या दोघांच्या मधला, म्हणजे बेअरिंगचा. राहिला तर बॉल जॉइंट, बुश किंवा शॉकअपच्या बोल्टचा. इथे गेला. ३ आणि ९ वर धरून हलवल्यावर वेगळे काही नाही, म्हणजे टाय रॉड एंड आणि रॅकची आतली टोके, हे स्टिअरिंगचे सांधे, ठीक.

डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे सुईचे उपकरण) हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाच्या, तोंडाला लावून आत-बाहेर खेळ मोजला: ०.१४ मिमी. लहान गाड्यांच्या पुस्तकांत ही मर्यादा साधारण ०.०५ ते ०.१ मिमी असते. उजवीकडे सुई हललीच नाही म्हणावे इतके कमी.

गेज नसेल तर आणखी एक चांगली तपासणी आहे. एका हाताने चाक गरगर फिरवायचे आणि दुसऱ्या हाताची बोटे शॉकअपच्या स्प्रिंगवर हलकीच टेकवायची. खराब बेअरिंगची खरखर नकलमधून स्प्रिंगमध्ये चढते आणि बोटांना बारीक थरथर लागते, कानाला काहीही ऐकू येत नसतानाही. डाव्या स्प्रिंगला थरथर, उजवी शांत. फिरत्या चाकात बोट जाणार नाही एवढे पाहावे.

इंजिन चालू करून चाके हवेत फिरवून ऐकायची असतील तर घोडी लोअर आर्मखाली लावावी. चाके लटकत ठेवली की शाफ्टचा कोन नेहमीपेक्षा वाढतो आणि चांगला जॉइंटही खडखडतो. शिवाय एक चाक अडवले तर डिफरन्शिअलमुळे दुसरे चाक मीटरवरच्या वेगाच्या दुप्पट फिरते. दुसऱ्या गिअरवर, आयडलच्या वेगाला, मेकॅनिकच्या स्टेथोस्कोपची कांडी नकलवर टेकवून ऐकले. स्टेथोस्कोप नसेल तर लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला लावली तरी चालते. डाव्या नकलवर सतत खरखर. गिअरबॉक्सच्या आवरणावर फक्त गिअरचा नेहमीचा आवाज.

शेवटी टंग. गाडी खाली उतरवली, कारण यासाठी चाकांवर वजन हवे. एकाने स्टिअरिंग सावकाश फिरवले, दुसऱ्याने उजव्या स्प्रिंगवर तळवा ठेवला. स्प्रिंग वेढा घेतल्यासारखी ताणत जाते आणि मग एकदम उडी मारते, त्याच क्षणी टंग. डावी स्प्रिंग स्टिअरिंगबरोबर सलग फिरते. उजव्या टॉप माउंटचे बेअरिंग जाम आहे: खाली नकल फिरते, वर स्प्रिंगची बैठक फिरत नाही, मधली स्प्रिंग पीळ साठवते आणि घर्षण हरले की सोडते.

१२ जुलै

वगळलेली कारणे कार्डावर लिहून ठेवली, म्हणजे गाडी परत आली तर पुन्हा तिथून सुरुवात नको.

पूर्ण वळवल्यावर स्टिअरिंग पंपाची कुंईऽऽ: गाडी इलेक्ट्रिक स्टिअरिंगची, पंपच नाही. फेंडर लायनरला (चाकावरच्या प्लास्टिकच्या अस्तराला) टायर घासणे: मूळ मापाचा टायर, लायनरचे क्लिप जागेवर, घासल्याचा चकचकीत पट्टा कुठेही नाही. स्टिअरिंग कॉलमचा मधला शाफ्ट: युनिव्हर्सल जॉइंटवर हात ठेवून फिरवला, झटका नाही. लोअर बॉल जॉइंट कोरडा पडला की कुर्रऽ कुर्रऽ असा दाराच्या बिजागरीसारखा आवाज देतो; तसा काही नाही, टॉमी (लोखंडी पहार) लावून उचलला तरी खेळ नाही. चाकाचे नट घट्ट. सर्वांत आधी पाहायची गोष्ट खरे तर हीच.

शाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाचा आतला जॉइंट म्हणजे ट्रायपॉड, तीन रोलरांचा सांधा. तो खराब झाला की वळणावर टकटक नाही, तर सरळ रस्त्यावर जोर देताना गाडी थरथरते आणि जोर सोडला की थांबते. इथे तशी थरथर नाही.

१४ जुलै

सुट्या भागांची यादी आणि मालकाची मंजुरी.

उजवा बाहेरचा जॉइंट: किट. त्यात जॉइंट, बूट, दोन क्लॅम्प, सर्कलिप (खाचेत बसून भाग अडवणारी कडी) आणि ग्रीसची पुडी, साधारण १०० ग्रॅम. काळे, मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे ग्रीस. बेअरिंगसाठी वापरतात ते पिवळे किंवा निळे मल्टिपर्पज ग्रीस इथे चालत नाही. गोळ्या खाचेत गडगडतात तशाच घसरतातही, आणि तो दाब सोसायला मॉली लागते. फक्त बूट आणि ग्रीस बदलून भागेल का, हे मालकांनी विचारले. उत्तर सरळ आहे: टकटक सुरू झाली म्हणजे खाचा झिजल्या. ग्रीसने आवाज काही दिवस दबतो, खाच भरून येत नाही. रिकंडिशन केलेला शाफ्ट स्वस्त मिळतो, पण आतल्या खाचा किती घासून काढल्या आणि कुठल्या मापाच्या गोळ्या टाकल्या हे बाहेरून कळत नाही. रोज महामार्गावर जाणाऱ्या गाडीला तो घालू नये.

बाकी: दोन्ही बाजूंचे नवे अ‍ॅक्सल नट, उजव्या बाजूचे गिअरबॉक्स ऑइल सील, पुस्तकातल्या ग्रेडचे गिअर ऑइल (अशा गिअरबॉक्सला साधारण २ ते २.५ लिटर), डाव्या चाकाचे बेअरिंग सर्कलिपसह, टॉप माउंटची बेअरिंगे दोन्ही बाजूंची. चाकाचे बेअरिंग खराब बाजूचेच बदलले तरी चालते. टॉप माउंटचे मात्र जोडीने: दोन्ही एकाच धुळीत, एकाच वयाची आणि अलाइनमेंटचा खर्च एकदाच.

काउंटरवरच तपासायच्या गोष्टी: जॉइंटच्या दोन्ही टोकांच्या स्प्लाइनचे (जोर पकडणाऱ्या उभ्या खाचांचे) दाते मोजून जुन्याशी जुळवणे आणि बेअरिंग एबीएसचे आहे की साधे ते पाहणे. एबीएसच्या बेअरिंगमध्ये एका बाजूचे सील चुंबकीय असते. बारीक लोखंडी टाचणी हलकी ओढली जाते. ती बाजू पुढे फार महत्त्वाची आहे.

१६ जुलै: उजवी बाजू, शाफ्ट

अ‍ॅक्सल नटची वाकवलेली कड छिन्नीने उचलली आणि चाक जमिनीवर असतानाच नट सैल केला. हवेत सोडायला गेले तर सगळा जोर जॉइंट आणि गिअरबॉक्सवर जातो. गिअर ऑइल काढून घेतले. तळाच्या प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप, कण नाहीत, ठीक. कॅलिपर सोडून तारेने स्प्रिंगला टांगला, ब्रेक होजवर लोंबकळू दिला नाही. एबीएस सेन्सरची वायर क्लिपमधून मोकळी केली. शॉकअप-नकलच्या दोन बोल्टांची जागा रंगाने खूण करून ठेवली, म्हणजे कॅम्बर (चाकाचा उभा कल) जवळपास तिथेच परत येतो.

नट शेवटच्या आट्यांवर, टोकाशी बरोबर ठेवून त्यावर फायबरच्या हातोडीने ठोकले. नट काढून थेट शाफ्टवर ठोकले तर टोक फुलते आणि नवा नट चढत नाही. आतला जॉइंट गिअरबॉक्समधून काढताना टॉमी आवरणाच्या उंचवट्यावर टेकवून छोटा झटका. शाफ्टला धरून ओढायचे नाही; ट्रायपॉडचे रोलर कपातून निघून येतात.

शाफ्ट लाकडी फळ्या लावून व्हाइसमध्ये. बूट कापला, पितळी ड्रिफ्ट (ठोकायची कांडी) आतल्या रेसवर, म्हणजे गोळ्यांच्या खाचा असलेल्या कडीवर, टेकवून एक नेमका ठोका, जॉइंट सर्कलिपवरून सुटून बाहेर.

डिझेलने धुऊन उघडला. सहा गोळ्या, पिंजरा, आतली रेस, बाहेरचा कप. आत ग्रीस असे उरलेच नव्हते, तपकिरी चिकट लगदा होता आणि बोटांत चोळला की वाळू लागते. आतल्या रेसच्या सहा खाचांपैकी चार खाचांत मधोमध, गोळीएवढ्या लांबीचा खळगा. नखाला कड अडकते. हाच त्या टकटकीचा उगम. सरळ चालताना गोळ्या खाचेच्या मध्यावर असतात, म्हणून झीज तिथेच होते. गाडी वळली की प्रत्येक फेऱ्यात गोळ्या खाचेत मागेपुढे प्रवास करतात, खळग्यात उतरतात आणि जोराखाली त्याच्या कडेवरून वर चढतात. जोर नसेल तर त्याच कडेवरून गुपचूप निसटतात. म्हणून क्लच दाबला की आवाज जातो. पिंजऱ्याच्या खिडक्यांच्या कडाही घासलेल्या; तो पिंजरा तुटला तर चाकाला जाणारा जोरच तुटतो आणि गाडी जागेवर थांबते.

जोडणी. शाफ्ट पूर्ण पुसून कोरडा. आधी छोटा क्लॅम्प, मग बूट शाफ्टवर चढवला, मगच जॉइंट. हा क्रम चुकला की सगळे परत खोलावे लागते. नवी सर्कलिप. ग्रीसच्या पुडीतले दोन-तृतीयांश जॉइंटमध्ये गोळ्यांच्या मागून दाबून, उरलेले बुटात. जॉइंट फायबर हातोडीने बसवला आणि ओढून पाहिला, सर्कलिप धरते आहे. छोटा क्लॅम्प आवळण्याआधी बोथट स्क्रू ड्रायव्हर बुटाच्या तोंडातून घालून आतली हवा बाहेरच्या हवेशी सारखी केली. हे राहिले तर बूट आत चोखला जातो आणि घडी घडीवर घासून पुन्हा फाटतो. क्लॅम्पचे कान त्यांच्या खास पकडीने दाबले. तार किंवा केबल टाय लावून काम भागवू नये, उन्हात ढिले पडतात.

आतला ट्रायपॉड स्वच्छ, बूट शाबूत, तसाच ठेवला. नवे ऑइल सील बसवून त्याच्या ओठाला ऑइल लावले. शाफ्ट आत टाकताना टक् आवाज येऊन आतली क्लिप बसली.

१७ जुलै: शॉकअपचे टॉप

वायपरखालचे प्लास्टिक काढून वरचे नट सोडले, दोन्ही शॉकअप बाहेर. स्प्रिंग कंप्रेसरचे दोन हूक समोरासमोर लावून आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. एकीकडे जास्त आवळले की स्प्रिंग कमानीसारखी वाकते आणि हूक सटकतो. इम्पॅक्ट गन अजिबात नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते. वरचा नट सोडण्याआधी स्प्रिंग बैठकीत सैल झाली आहे का, हे हाताने हलवून खात्री करावी.

उजवे बेअरिंग हातात घेऊन फिरवले: दर काही अंशांनी अडकते, गंजाची लाल भुकटी गळते. डावे फिरते, पण कोरडे खरखरते. दोन्ही नवी. स्प्रिंगचे खालचे टोक बैठकीच्या पायरीला टेकले की नाही हे पाहून वरचा नट पुस्तकातल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला). दांडा अ‍ॅलन कीने धरून फिरवला. पक्कडीने दांडा धरला तर क्रोमवर ओरखडा येतो आणि पहिल्या पावसात ऑइल गळते.

१९ जुलै: डावे बेअरिंग

नकल पूर्ण काढून प्रेसवर नेला. हे बेअरिंग दाबून बसवायचे आहे, बोल्टचे नाही, म्हणून हायड्रॉलिक प्रेसला पर्याय नाही. हिंगणा एमआयडीसीच्या पट्ट्यात लेथवाल्यांकडे प्रेस असतो, पण मापाचे सॉकेट आणि कड्या आपल्या बरोबर न्याव्यात.

हब दाबून काढला. आतल्या रेसचा बाहेरच्या बाजूचा अर्धा भाग हबवरच राहतो, तो पुलरने काढला. सर्कलिप काढून बाहेरची कडी दाबून काढली. जुन्या बेअरिंगच्या आतल्या रेसवर धातूचे पापुद्रे निघून सुमारे ६ मिमी लांबीचा खडबडीत डाग, बाजूचे ग्रीस दुधाळ. पाणी शिरले होते. गाडी रस्त्याच्या डाव्या कडेने जाते, पावसाचे पाणी तिथेच साचते आणि डावे चाक ते रोज तुडवते.

बसवताना एकच नियम, पण तो पाळला नाही तर नवे बेअरिंग त्याच दिवशी खराब होते: दाब गोळ्यांमधून जाता कामा नये. नकलमध्ये बसवताना दाब फक्त बाहेरच्या कडीवर. हब आत घालताना बेअरिंगच्या आतल्या कडीला खालून आधार. हातोडीने ठोकून बसवलेल्या बेअरिंगच्या रेसमध्ये गोळ्यांचे बारीक ठसे उमटतात. सुरुवातीला गाडी शांत असते आणि काही शे किलोमीटरनंतर घूंऽऽ परत येतो. मग दोष बेअरिंगच्या डब्याला दिला जातो.

चुंबकीय सील सेन्सरच्या बाजूला, म्हणजे आत. उलटे बसले तर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळे काम पुन्हा. नकलचे भोक बारीक पॉलिश पेपरने पुसून, हलके ऑइल लावून दाबले. सर्कलिप खाचेत पूर्ण बसली, फिरवून पाहिली.

अ‍ॅक्सल नट आवळण्याआधी गाडी चाकांवर ढकलायची नाही. नट आवळल्याशिवाय बेअरिंगचे दोन अर्धे एकमेकांना धरून नसतात आणि वजनाने आतली कडी सरकते. ब्रेक दाबून नट बराचसा आवळला, मग गाडी खाली उतरवून शेवटचा टॉर्क. या वर्गातल्या गाड्यांना तो साधारण १७५ ते २२० न्यूटन मीटर असतो. मॉडेलचे पुस्तक पाहूनच लावावा. मग नटाची कड शाफ्टच्या खाचेत वाकवली. चाकाचे नट टॉर्क रेंचने, ताऱ्याच्या क्रमाने.

गिअर ऑइल भरले, बाजूच्या प्लगमधून ओसंडेपर्यंत.

२० जुलै

अलाइनमेंट. शॉकअप सुटले होते, म्हणून टो (चाकांची पुढची टोके आत की बाहेर वळलेली) आणि कॅम्बर दोन्ही पाहिले. टो बाहेर गेलेला होता, मर्यादेत आणला. रस्त्यावर: टकटक नाही, टंग नाही. घूंऽऽ गेला. डांबरावर गाडी शांत. सिमेंटवर मात्र वूंऽवूंऽ असा बारीक आवाज उरला आहे आणि हळू वेगाला डावीकडून खर्रऽ खर्रऽ.

२३ जुलै

खर्रऽ: डिस्कमागचा धूळपत्रा. नकल प्रेसवर जाऊन आल्यानंतर हा पत्रा हमखास थोडा आत येतो आणि डिस्कच्या कडेला टेकतो. बोटाने वाकवून चारही बाजूंनी ३ मिमी जागा केली. डिस्क आणि पत्रा यांच्यामध्ये बारीक गिट्टी अडकली तरी हाच आवाज येतो, आणि तो ऐकून कित्येकदा पॅड बदलले जातात. सकाळी पावसानंतर पहिल्या काही फेऱ्यांत येणारी घरघर म्हणजे डिस्कवरचा गंज. तो दोष नाही.

वूंऽवूंऽ: तळवा टायरच्या नक्षीवरून पुढून मागे फिरवला, गुळगुळीत, मागून पुढे फिरवला, प्रत्येक ठोकळ्याची कड बोचते. करवतीसारखी झीज, बाहेरचा टो आणि ढिले बेअरिंग यांनी मिळून केलेली. खात्रीसाठी पुढची चाके त्याच बाजूला मागे नेली. आवाज मागे गेला. टायर निश्चित. नक्षीची खोली ४ मिमीच्या वर असल्याने टायर बदलायला सांगितले नाही. मालकांना टायर दाखवून कारण समजावले आणि कार्डावर लिहिले, नाही तर हाच आवाज उद्या नव्या बेअरिंगच्या नावावर जमा होईल.

३० ऑगस्ट

मीटर ९८,५३०. ठरल्याप्रमाणे फेरतपासणी.

उजवा बूट कोरडा, क्लॅम्प जागेवर, रिमच्या आत ग्रीसचा शिंतोडा नाही. गिअरबॉक्सचे सील कोरडे. अ‍ॅक्सल नटवरच्या रंगाच्या खुणा जुळतात. डाव्या हबचा खेळ डायल गेजवर ०.०२ मिमी. स्प्रिंगला हात लावून स्टिअरिंग फिरवले, दोन्ही सलग फिरतात. मागच्या टायरांचा आवाज आधीपेक्षा कमी, झीज सपाट होत आहे.

डाव्या बाहेरच्या बुटाला मात्र दुसऱ्या घडीत केसाएवढ्या चिरा दिसू लागल्या आहेत. ग्रीस अजून आतच आहे, जॉइंट मूक आहे, खाचा शाबूत असणार. बूट आणि ग्रीस बदलायची वेळ हीच. फाटून टकटक सुरू झाल्यावर पूर्ण जॉइंट घालावा लागेल आणि खर्च कितीतरी पटींनी वाढेल. बूट किट आणि नवा अ‍ॅक्सल नट मागवला. पाऊस अजून महिनाभर आहे, म्हणून काम पोळ्यानंतरवर न ढकलता याच आठवड्यात घेतले आहे.